शेळीचा केस, कोंबड्याचं पीस

गरिबाच्या घरात फेकून देण्यासारखी वस्तू फार थोडी असते. फुटक्या बादलीत कढीपत्ता लागतो, जुन्या लुंगीची चौघडी होते, चौघडीचं पायपुसणं होतं, आणि पायपुसण्याचा चिंधा होडीच्या इंजिनाचं तेल पुसायला जातो. आम्ही ज्या शाळेत शिकवतो तिथे भिंतीवर 'टाकाऊतून टिकाऊ' अशी पाटी आहे. बी.एड. करताना या विषयावर पाठ घ्यावा लागला होता, आणि आम्ही आइसक्रीमच्या काड्यांचं घर करून दाखवलं होतं. परीक्षकांनी चांगले गुण दिले. पण काड्यांच्या घरात कुणी राहत नाही. टाकाऊतून जे टिकाऊ होतं ते कुणाच्या तरी उपयोगी पडतं, ही गोष्ट आम्ही शिकलो ती आमच्याच घरात, गळाला पिसं बांधता बांधता.

इंग्रजीत त्याला फ्लाय म्हणतात, म्हणजे माशी. गळाच्या दांड्यावर दोऱ्याने पिसं, लोकर, केस असं काहीबाही बांधायचं, की पाण्यात ते किड्यासारखं किंवा लहान माशासारखं दिसावं. खरं आमिष नसतं, नुसता आभास असतो. थंड डोंगरी नद्यांतला ट्राउट मासा पाण्यावरचे किडे टिपतो, म्हणून तिकडे खरोखरच माशीच्या आकाराचं बांधतात. आपल्या देशात काश्मीरच्या नद्यांत ही मासेमारी चालते. तो ट्राउटही मूळचा तिथला नव्हे. 1900 साली स्कॉटलंडहून त्याची अंडी आणली गेली. आमच्या रत्नागिरीच्या खाडीत माशीला कोण विचारतो? इथला जिताडा आणि तांबोशी खातात बोयटाची पिल्लं आणि कोळंबी. तेव्हा आम्ही बांधतो ती माशी दिसायला मासोळीच असते. अम्मी तिला बाहुली म्हणते. आमच्या उर्दू शाळेतली मुलं 'मख्खी' म्हणतात आणि हसतात.

ही कला साहेबी शौकाची म्हणून ओळखली जाते, पण तिची जुनी नोंद वाचली तेव्हा आम्हाला मोठी गंमत वाटली. इ.स. 200 च्या आसपास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांचं वर्णन केलं आहे. ते लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं तिला बांधत. बस्स, एवढंच. लोकर आणि कोंबडा! म्हणजे या हुनराचा जन्मच घरातल्या आणि अंगणातल्या वस्तूंतून झाला आहे. शौकीन लोकांनी तो महाग केला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सामन माशासाठी अशा माश्या बांधू लागले, की एकेका माशीत दूरदूरच्या देशांतल्या पाच-सात पक्ष्यांची पिसं असत. आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडाही त्यात सापडला. त्याच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. त्या ठिपक्यांसाठी ही पिसं बोटीने विलायतेला जात. 1902 साली इंग्रज सरकारनेच पक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण दिलं. शौकाची हाव मात्र संपली नाही. 2009 साली इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. चोर होता संगीत शिकणारा, बासरी वाजवणारा एक विद्यार्थी. त्याला माश्या बांधायचा नाद होता आणि अशा पिसांना गिऱ्हाईक होतं. त्यातले काही पक्षी वॉलेससारख्या निसर्गशास्त्रज्ञाने दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेले होते.

आमच्याकडे ही माशी आली ती चोरीची नव्हती, चावलेली होती. धाकटा भाऊ शनिवार-रविवारी होडी वल्हवतो. बाहेरगावचे हौशी लोक गळ टाकायला येतात, त्यांना तो भाट्ये खाडीत फिरवतो. 2020 च्या जानेवारीत अशाच एका पाहुण्याने निकामी झालेली माशी होडीत टाकून दिली. माशाने दातांनी तिची पार दैना केली होती. भावाने गळ चांगला आहे म्हणून ती खिशात घालून आणली आणि खिडकीत ठेवली. काही महिने ती तिथेच पडून होती.

त्याआधीच्या पावसाळ्यात, 2019 साली, अब्बांना अर्धांगाचा झटका आला होता. अब्बा तांडेल. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या लाँचीवर माणसं सांभाळली, वारा सांभाळला. काळोखात, बोटांनी नुसतं चाचपून ते फाटलेलं जाळं सांधत. उजवा हात गेला आणि जीभही जड झाली. हातात रबराचा चेंडू देऊन दिवसातून शंभर वेळा दाबायला सांगितलं होतं. अब्बांनी तो दोन दिवस दाबला, मग शेजारच्या पोराला खेळायला देऊन टाकला. आम्ही विचारलं तर म्हणाले, "चेंडू दाबून काय निघतं?" त्यांचं खरं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर हाताने काहीतरी काढलं, त्याला नुसतं दाबायला सांगणं म्हणजे त्याची थट्टाच. व्यायाम शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा येत होत्या. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि त्यांचं येणं थांबलं. आमच्या शाळा बंद, भावाची होडी बंद, अम्मीकडचे फॉल-पिकोचे कपडे बंद. अब्बा खिडकीशी बसून खाडीकडे बघत, आणि आम्ही दोघी बहिणी त्यांच्याकडे.

रमजानच्या दुपारी काही सुचत नव्हतं तेव्हा धाकटीने ती माशी खिडकीतून उचलली आणि उसवायला घेतली. ती शिवणकाम करते. तिचा नियम आहे, कपडा कसा शिवलाय ते पाहायचं तर तो उसवून बघायचा. आम्ही बी.एड.ला याच गोष्टीला विश्लेषण पद्धत म्हणत होतो, नाव तेवढं मोठं. पहिल्यांदा टोकाचा चकचकीत थर सुटला. मग काळपट केस, मग चांदीसारख्या दोन बारीक पट्ट्या, मग पांढरे केस, मग धातूचे दोन डोळे आणि तळाशी दांड्यावर गुंडाळलेला दोरा. एकेक वस्तू आम्ही कागदावर ओळीने मांडली. बांधायचं तर उलट्या क्रमाने जायचं, म्हणजे संश्लेषण. अब्बा खिडकीतून मान वळवून बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी घरात बघितलं.

दुकानं बंद होती म्हणून आम्हाला घरच धुंडाळावं लागलं. गळ घट्ट धरायला शिकंजा हवा, त्याजागी भावाचा लॉक होणारा पक्कड स्टुलाला सुतळीने आवळला. दोऱ्याचं रीळ बोटातून निसटू नये आणि खाली लोंबकळून स्वतःच्या वजनाने दोरा ताणून धरावं, यासाठी सायकलची एक आरी वाकवून तिच्या दोन टोकांत रीळ अडकवलं आणि दोरा रिकाम्या रिफिलच्या तुकड्यातून ओवला. गाठ सरकवायला बॉलपेनची रिकामी नळी. दोरा मशीनचाच, त्याला मेणबत्ती घासली की तो घसरत नाही. चांदीच्या पट्ट्या वेफर्सच्या पुड्याच्या आतल्या बाजूच्या, कात्रीने सुतासारख्या कापलेल्या. अम्मीच्या लग्नाच्या ओढणीची जर निघत होती, तीही कामी आली. डोळ्यांसाठी आमच्या ओळखपत्राची मण्यांची साखळी तोडली, दोन-दोन मणी जोडीने कापून घेतले. शाळा बंद होती, ओळख कुणाला दाखवायची होती?

हे डोळे नुसते शोभेचे नसतात. अमेरिकेत बॉब क्लाउझर नावाच्या माणसाने 1980 च्या दशकात जड डोळ्यांची माशी बांधली. डोळे गळाच्या दांड्याच्या वरच्या बाजूला बांधले की वजनाने माशी पाण्यात उलटी होते आणि गळाचं टोक वर राहतं. खाडीच्या तळाला कालवं असतात, पुलाच्या खांबांना शेवाळ असतं. टोक वर असलं की माशी अडकत नाही. अब्बांनी पागाच्या शिशाकडे बोट दाखवलं, जास्त जड आहे म्हणून. पण शिसं विषारी. पाण्यात हरवलेलं शिसं हंस गिळतात म्हणून ब्रिटनमध्ये 1987 पासून गळाच्या लहान शिशांच्या विक्रीवर बंदी आहे. मग आम्ही जळक्या पंख्याच्या मोटारीतली तांब्याची तार डोळ्यांखाली गुंडाळून वजन वाढवलं. नंतर वाचनात आलं, की इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारा फ्रँक सॉयर दोऱ्याऐवजी तांब्याची तारच वापरायचा. वजनही तीच आणि बांधणीही तीच. त्याची दुसरी एक प्रसिद्ध माशी मोजे रफू करायच्या लोकरीची होती. त्या लोकरीचं उत्पादन बंद झालं तेव्हा शौकिनांनी उरलेले कार्ड साठवून ठेवले. रफूची लोकर! अम्मीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपलं घर म्हणजे खजिनाच की गं."

शेवटी माशीच्या डोक्यावर लाखेसारखा एक थर द्यावा लागतो, नाहीतर दोरा सुटतो. त्याला बिनरंगाचं नेलपॉलिश उत्तम. आमच्या घरात वजूमुळे नेलपॉलिश कुणी लावत नाही. धाकटी शेजारणीकडे बाटली मागायला गेली तेव्हा मोहल्ल्यात दोन दिवस कुजबुज झाली, की हिचं लग्न ठरलं की काय.

पिसं आणि केस हा मात्र खरा प्रश्न होता. चिकनच्या दुकानातली ब्रॉयलरची पिसं पांढरी आणि मऊ, ती रंगवता येतात. पीस, लोकर, केस या एका जातीच्या वस्तू. जिलेबीचा रंग कोमट पाण्यात घालून थोडं व्हिनेगर टाकलं की तो त्यांना धरतो, सुती दोऱ्याला तसा धरत नाही. हळदीला तर व्हिनेगरही लागत नाही. गावठी कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसं रंगवायचीच गरज नाही. पीस आणलं की साबणाने धुवायचं, कापडी पिशवीत घालून सुकवायचं, आणि रोगाने मेलेल्या कोंबडीचं पीस कधीही घ्यायचं नाही. 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा कोंबडीवाल्यांचं काय झालं ते आम्हाला आठवतं.

केस मिळाले ते बकरीदेला. त्या वर्षी 1 ऑगस्टला ईद होती. आमच्या वाट्याच्या बकऱ्याची शेपटी काळी-पांढरी होती. तिला मीठ-तुरटी चोळून पत्र्यावर वाळवली, शिकेकाईने धुतली आणि कसर लागू नये म्हणून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली. बोटभर लांबीचे ते केस पाण्यात असे हलतात की जणू श्वास घेतायत.

या सगळ्यात अब्बा कुठे होते? सुरुवातीला नुसते बघत होते. मग एक दिवस आमची गाठ बघून त्यांना राहवलं नाही. डाव्या हाताने त्यांनी ती सोडवली आणि उजव्या हाताचा अंगठा दोऱ्यावर ठेवला. ठेवला म्हणजे डाव्या हाताने उचलून ठेवला, वस्तू ठेवावी तसा. "दाब इथे," असं ते त्या अंगठ्याला म्हणाले. आम्ही श्वास रोखला. रीळ लोंबकळत होतं म्हणून दोरा आपोआप ताणलेला राहायचा. अंगठ्याने फक्त केसांचा झुबका हलू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. पहिल्या दिवशी एक वेढासुद्धा धड झाला नाही. चौथ्या दिवशी तीन झाले. रोजा सोडायच्या वेळेपर्यंत ते त्यात गुंतून राहायचे, अजान ऐकू आली की दचकायचे. ईदच्या दिवशी त्यांची पहिली माशी पुरी झाली. डोकं वाकडं, केस एका बाजूला, एक डोळा वर आणि एक खाली. ती रमजानमधली म्हणून तिला पिसंच लावलेली होती. अम्मी म्हणाली, "हिला चष्मा लागेल." अब्बा हसले. झटक्यानंतर त्यांचं तोंड एका बाजूने हसायचं, त्या दिवशीही तसंच हसले, पण आवाज आला.

आम्ही इथे चमत्कार सांगायला बसलेलो नाही. अब्बांचा हात बरा झालेला नाही. मूठ अजूनही पुरी मिटत नाही, चहाचा कप ते डाव्याच हाताने धरतात. पण अंगठा आणि पहिली दोन बोटं आता चिमूट धरतात. टाळेबंदी उठल्यावर त्या बाई परत आल्या, त्यांनी हात तपासला आणि विचारलं, "चेंडू केला वाटतं रोज?" अब्बांनी डबा पुढे केला. डब्यात बावीस माश्या होत्या.

त्या माश्यांची परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली. आमच्याकडे चाबकासारखी फेकायची महागडी काठी नाही. भावाने तंगुसाला माशी बांधून हळूहळू होडी वल्हवत ती मागे सोडली. दोन दिवस काहीच नाही. तो अम्मीच्या जरीची माशी घेऊन जायचा, सगळ्यात सुंदर तीच होती. अब्बांनी त्याला हातानेच थांबवलं आणि डब्यातली साधी, काळ्या केसांची माशी काढून दिली. शब्द जुळवत जुळवत म्हणाले, "पावसाचं पाणी गढूळ. मासा रंग नाय बघत. सावली बघतो. पाणी फिरेल तेव्हा सोड, खांबाच्या आडोशाला." ओहोटी संपून भरती लागायच्या बेताला भावाला हिसका बसला. तांबोशी सव्वा किलोची होती. अम्मीने तिचं कालवण केलं. अब्बांनी पहिल्यांदा तिच्या जबड्यातून निघालेली माशी मागून घेतली, दोरा कुठे सुटलाय ते पाहिलं, आणि मगच जेवायला बसले.

पुढच्या हिवाळ्यात होडीतल्या पाहुण्यांनी त्या माश्या पाहिल्या आणि विकत मागितल्या, एकेकीचे दीडशे रुपये. बाजारात त्यांना त्या याहून महाग पडतात, असं ते म्हणाले. घरात पैशाची गरज काय होती ते सांगायला नको. अब्बांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दरमहा लागतात. पण त्यातल्या पुष्कळ माश्यांत कुर्बानीच्या बकऱ्याचे केस होते. कुर्बानीचं कातडं घरात वापरता येतं, दान देता येतं, विकून त्याचा पैसा खाता येत नाही. शेपटीचे चार केस म्हणजे कातडं का, असा वाद भावाने घातला. अब्बांनी डबा बंद केला आणि वाद संपला. त्या माश्या पाहुण्यांना फुकट दिल्या गेल्या. विकायच्या माश्यांसाठी धाकटी खाटकाकडून टाकून दिलेल्या शेपट्या घेऊन आली. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "मास्तरीणबाई आता शेपट्या पण शिकवतात काय?"

शिकवतो, खरंच शिकवतो. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही सातवीला माशी बांधायला देतो. वर्गात गळ आणत नाही. केसांच्या पिनेवर बांधायची. जो मुलगा मागच्या बाकावर बसून वाऱ्याची दिशा बघत असतो, ज्याच्या घरात तो खलाशी कधी होणार याचीच वाट बघतात, त्याच्या गाठी वर्गात सगळ्यात घट्ट असतात. त्याला आम्ही पुढे बोलावतो आणि बाकीच्यांना शिकवायला सांगतो. तेवढा एक तास तो उस्ताद असतो. त्या तासाला तो कधी गैरहजर राहत नाही, आणि त्या तासासाठी आलेला मुलगा गणिताच्या तासालाही बसतो.

विकलेल्या पहिल्या दहा माश्यांचे दीड हजार रुपये भावाने अब्बांच्या हातात दिले. त्यांनी ते उजव्या हातात घेतले. नोटा निसटून पडल्या. कुणी उचलायला वाकलं नाही. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की वाकायचं नाही. अब्बांनी एकेक नोट चिमटीत धरून उचलली, मोजली, आणि दोन नोटा अम्मीकडे सरकवून म्हणाले, "गळ संपलेत. आधी गळ आणा. गोळ्या त्याच्यानंतर."

गोळ्या आम्ही आधी आणल्या. गळ दुसऱ्या दिवशी.